नाव घेऊन नाचणारी गाणी

1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात दक्षिण आफ्रिकेत गायक चिको ट्वालाने एक नाचतं गाणं काढलं. त्यात 'मॅनेलो' नावाच्या माणसाची आठवण काढली होती. तुरुंगातल्या मंडेलांचं नाव सरळ घेतलं असतं तर सरकारी रेडिओने ते वाजवलंच नसतं, म्हणून अक्षरं फिरवली. ऐकणाऱ्यांना माणूस बरोबर कळला. त्या रेडिओवर गाण्यांचे शब्द तपासणारी समिती होती. नकोशी गाणी चुकूनही लागू नयेत म्हणून तबकडीवर ओरखडे काढून ठेवत. अशा पहाऱ्यातही सिंथेसायझर आणि ड्रम मशीनच्या ठेक्यावरची अशी गाणी कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांमध्ये घुमत राहिली.

परभणीत बसून हे वाचलं की बाबासाहेबांचा गौरव गाणारी भीमगीतं आठवणारच. पण तिथे नाव झाकून नाचावं लागलं, तर आपल्याकडे नाव मोठ्याने घेणं हाच लढा ठरला. 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळेंना ठार मारलं. त्याच जिल्ह्यात 1993 मध्ये नामांतरासाठी गौतम वाघमारेंनी आत्मदहन केलं. 14 जानेवारी 1994 ला विद्यापीठाचा नामविस्तार झाला. एका नावासाठी जवळपास सोळा वर्षं! त्या काळात गावात भीमाचं नाव ठेक्यावर गाणं म्हणजे जिवावरची गोष्ट होती.

भीमगीतांची मुळं जलशात आहेत. सत्यशोधक जलशाने तमाशाची चौकट घेतली आणि देवस्तुती, गौळणीतला शृंगार यांच्या जागी प्रबोधन आणलं. तीच वाट भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी 1930 च्या दशकात आंबेडकरी चळवळीसाठी पुढे नेली. मग वामनदादा कर्डक आले (1922–2004). सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा कवी गावोगाव फिरला, गात गात लिहीत राहिला. त्यांच्या गाण्यांमुळे सभेला न जाणाऱ्यांपर्यंतही विचार पोचला, असं मला ठामपणे वाटतं.

बायकांची वाट मात्र वेगळी, आणि मला ती सगळ्यात मोलाची वाटते. संत जनाबाई आपल्या गंगाखेडची. तिचं जातं आणि ओवी घराघरांत होतीच. पाथरीपलीकडच्या माजलगावात, भीमनगरमध्ये, वाल्हाबाई टाकणखार, राधाबाई बोऱ्हाडे यांनी त्याच ओवीत बाबासाहेबांना आणलं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांच्या संग्रहामुळे त्या ओव्या टिकल्या. ना मंच, ना माईक, ना परवानगीची गरज. दळता दळता म्हटलेल्या ओवीवर पहारा तरी कोण बसवणार?

पुढे कॅसेट आली. प्रल्हाद शिंदे, श्रावण यशवंते यांच्या आवाजातल्या कव्वाल्या आणि गीतं टेपरेकॉर्डरवर वाजू लागली. चित्रपटाची चाल घ्यायची, शब्द आपले घालायचे. आज कडुबाई खरात एकतारीवर गातात आणि मोबाइलवरून त्यांचा आवाज घरोघरी पोचतो. 14 एप्रिलच्या आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकीत तेच विषय डीजेवर येतात, तेव्हा 'हा काय धांगडधिंगा' म्हणून नाकं मुरडली जातात. कानठळ्या बसवणारा आवाज मलाही नको. पण ज्यांच्या आजोबांना गावाच्या रस्त्याने ताठ मानेने चालता येत नव्हतं, त्यांनी त्याच रस्त्यावर नाचत जाणं, यात मला फार मोठी गोष्ट दिसते.

10 डिसेंबर 2024 ला परभणीत, बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. नंतरच्या आंदोलनात अटक झालेल्या सोमनाथ सूर्यवंशी या तरुणाचा 15 डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. ज्या सन्मानासाठी ही गाणी गायली गेली, तो लढा अजून संपलेला नाही; त्यामुळे ती आपल्या जिल्ह्यासाठी इतिहासजमा झालेली नाहीत.

म्हणून एक मागणी करतो. ज्या विद्यापीठाच्या नावासाठी एवढं रक्त सांडलं, त्याने मराठवाड्यातल्या जलशांच्या वह्या, घराघरांतल्या कॅसेट आणि गायकांच्या आठवणी गोळा कराव्यात: गाणं कोणी लिहिलं, चाल कुठली घेतली, ढोलकीवर कोण होतं. गाणारी जुनी माणसं हयात आहेत तोवरच हे होऊ शकेल.