हाडातून धागा ओवताना

स्नायूला हाडाशी जोडणारा दोरीसारखा चिवट पट्टा, म्हणजे कंडरा, हाडापासून पूर्ण तुटली की बहुधा ती टाक्यांनी आवळून पुन्हा हाडाशी टेकवून ठेवावी लागते. मांसातून सुई सहज जाते, मात्र हाडाच्या कठीण कवचापुढे साध्या सुईचे काही चालत नसल्यामुळे आधी ड्रिलने आरपार बोगदा पाडावा लागतो, आणि खरे म्हणजे तो त्यातला सोपा भाग होय. लुळा धागा बोगद्याच्या एका तोंडातून आत सारला, तर तो आतल्या जाळीदार हाडात अडकून गोळा होतो. धागा ढकलता येत नाही, ओढावाच लागतो. या कामासाठी घडवलेल्या बहुतेक साधनांचे मूळ एवढ्या एका अडचणीत आहे.

गुडघ्याच्या वाटीला नडगीशी जोडणारी कंडरा वाटीच्या खालच्या टोकापासून तुटते, तेव्हाची शस्त्रक्रिया या दृष्टीने पाहण्याजोगी असते. कंडरेच्या दोन्ही कडांनी एकमेकांत अडकणारे फास घेत दोन जाड धागे विणले जातात. अमेरिकी शल्यचिकित्सक केनेथ क्रॅको यांनी १९८६ मध्ये मांडलेला हा टाका त्यांच्याच नावाने ओळखला जातो. मग वाटीत खालून वर असे साधारण २ मिलिमीटर व्यासाचे तीन समांतर बोगदे पाडून धाग्यांची चार टोके त्यांतून वर न्यायची असतात. त्यासाठी वरच्या तोंडातून बारीक लवचीक तारेचा फास खाली उतरवतात, त्यात धाग्याचे टोक अडकवतात आणि तार मागे खेचतात. लेंग्याच्या नेफ्यातून नाडी ओढून काढण्यासारखाच हा प्रकार. मधल्या बोगद्यातून दोन आणि बाजूच्या बोगद्यांतून एकेक टोक वर आले, की वाटीच्या वरच्या काठावर गाठी मारल्या जातात. बीथ पिन नावाच्या लांब सळईत तर बोगदा पाडणे आणि धागा ओढणे ही दोन्ही कामे एकवटली आहेत. तिचे पुढचे टोक हाड भेदत जाते आणि मागच्या टोकाच्या नेढ्यात ओवलेला धागा तिच्यामागून आपसूक बाहेर येतो.

खांद्याची फाटलेली कंडरा हाडाला शिवल्याचे वर्णन बॉस्टनच्या अर्नेस्ट कॉडमन यांनी १९११ मध्येच प्रसिद्ध केले होते. मोठी चीर घेऊन उघडलेल्या खांद्यात जाड वाकडी सुई किंवा चांभाराच्या आरीची आठवण करून देणारे टोकदार हत्यार चालते, पण दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत हात फिरवायला जागाच नसते. म्हणून काही आधुनिक उपकरणांत एक छिद्र वरून आणि दुसरे बाजूने पाडून ती हाडाच्या आतच एकमेकांना मिळवली जातात, आणि एका छिद्रातून आलेला धागा दुसऱ्यातला आकडा पकडून बाहेर काढतो.

धागा आधीच जोडलेली, हाडात बसवण्याची छोटी खुंटी, म्हणजे सूचर अँकर, १९८० च्या दशकात आली आणि आरपार ओवण्याचा खटाटोप पुष्कळ कमी झाला. तरीही बोगद्याची पद्धत टिकून आहे. तिच्यात धाग्याखेरीज काहीही हाडात राहत नाही, शिवाय प्रत्येक खुंटीची किंमत खिशातून मोजणाऱ्या रुग्णाच्या दृष्टीने हा फरक लहान नसतो. तिची उणीव दिसते ती ठिसूळ हाडात, कारण ताण आला की तारेने साबणाची वडी कापावी तसा धागा हाड कापत जातो. यासाठी बोगद्याचे बाहेरचे तोंड शक्यतो जाड कवचाच्या जागी ठेवतात, आणि तेवढ्याने भागेलसे वाटले नाही, तर धाग्याखाली धातूचे छोटे बटण किंवा पट्टी ठेवून त्यावर गाठ मारतात.