कधीच न वापरलेल्या नळाला जाणारा तडा (लेखांक ६)

गळीत हंगाम आटोपला की प्रवरानगरपासून कोपरगावपर्यंत कारखान्या-कारखान्यांत ओव्हरहॉलिंग सुरू होते. बॉयलर थंड करायचा, माणूस आत उतरवायचा, नळ्या तपासायच्या, पाण्याचा दाब देऊन चाचणी घ्यायची आणि निरीक्षकाचा दाखला हाती आल्यावरच अग्निप्रदीपनाचा नारळ फोडायचा. १९२३ च्या बॉयलर कायद्यापासून हा शिरस्ता चालत आला आहे आणि त्यावर कुणी हुज्जत घालत नाही. पालघर जिल्ह्यातल्या तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांनाही असाच ऑफ-सीझन असतो. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या संचांत इंधन चालू भट्टीतच बदलता येते. या जुन्या, उकळत्या पाण्याच्या भट्ट्यांत मात्र झाकण उघडल्याशिवाय ते जमत नाही. त्यामुळे आतली तपासणीही त्या शटडाऊनमध्येच उरकावी लागते. इथे आत माणूस उतरवता येत नाही, आणि ज्या भागाकडे सर्वांत बारकाईने पाहायचे तो बहुधा एकदाही वापरलेला नसतो. या भागाची, म्हणजे आपत्कालीन शीतकरणाच्या नळांची, चिरांसाठीची तपासणी प्रत्येक शटडाऊनमध्ये प्रत्यक्ष पाहूनच का व्हायला हवी, हा या आठवड्याचा विषय.

भट्टी बंद केली तरी ती तापतच राहते, हे मागच्या लेखांकांत आले आहे. बंद केल्याच्या क्षणी मूळ उष्णतेच्या सहा-सात टक्के उष्णता इंधनातून निघत असते. तारापूरच्या एका संचाची मूळ औष्णिक क्षमता ६६० मेगावॉट धरली तर ती चाळीसेक मेगावॉट भरते. नेहमीचे पाणी अचानक निघून गेले तर हे इंधन भिजते ठेवण्यासाठी त्याच्या डोक्यावर छिद्रांच्या नळाचे कडे बसवलेले असते. त्याला कोअर स्प्रे स्पार्जर म्हणतात. वर्षानुवर्षे हे कडे नुसते बसून असते. बाहेरच्या पाइपला बारीक भोक पडले तर पाणी ठिबकते, ओलावा मोजणारी उपकरणे बोंब मारतात आणि पाइप फुटण्याआधी सावध व्हायला अवधी मिळतो. स्पार्जर भट्टीच्या पोटात असल्यामुळे त्याच्या आत आणि बाहेर दाब जवळपास सारखाच असतो. त्याला लहानशी आरपार चीर गेली तरी कुठेही काही ठिबकत नाही, कुठलाही काटा हलत नाही. दोष कळायचा तो दोनच वेळी, पाहिले तेव्हा किंवा संकटात पाणी सोडले तेव्हा.

ही भीती कागदी नाही. १९७४ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात ड्रेस्डेनच्या दुसऱ्या भट्टीच्या पाइपांत तडे सापडले. पुढच्या जानेवारीत तिथल्याच कोअर स्प्रेच्या पाइपांतही ते निघाले. अमेरिकेचा अणुनियामक आयोग त्याच महिन्यात जन्माला आला होता आणि महिनाअखेर त्याने या जातीच्या २३ भट्ट्या बंद करून तपासायला लावल्या. मग १९७८ मध्ये ऑयस्टर क्रीक आणि १९८० मध्ये पिल्ग्रिम इथे खुद्द स्पार्जरलाच चिरा गेलेल्या दिसल्या. दोन्ही वेळा निमित्त इंधनबदलाच्या शटडाऊनचे होते. मे १९८० मध्ये आयोगाचे फर्मान निघाले: दर इंधनबदलाला स्पार्जर आणि त्याला जोडणारा भट्टीतला पाइप पाहायचाच. ऑयस्टर क्रीक आणि तारापूर दोन्ही एकाच कंपनीच्या आरेखनाची, दोन्ही १९६९ सालची. त्यामुळे तिकडच्या बातमीकडे परक्याची बातमी म्हणून पाहायची सोय आपल्याला नाही.

हे पाहणे कसे असते? भट्टीचे झाकण काढून वर पाणी भरतात, वाफ कोरडी करणारे जड भाग उचलून बाजूच्या हौदात ठेवतात आणि इंधन हलवण्याच्या पुलावरून लांब दांड्याला बांधलेला कॅमेरा खाली सोडतात. आधी कॅमेऱ्याचीच परीक्षा होते. पाण्याखाली ०.०२५ मिलिमीटर जाडीची तार, म्हणजे केसाच्या निम्म्याहूनही बारीक, पडद्यावर स्पष्ट दिसली तरच पुढचे काम. वेल्डवर साचलेला गंज ब्रशने काढतात, दिव्याचा कोन बदलून बदलून पाहतात. ओरखड्याची रेघ सहसा सरळ आणि उथळ असते, चीर वेड्यावाकड्या वाटेने जाते. ती जाते वेल्डच्या शेजारून. वेल्डिंगच्या उष्णतेने स्टेनलेस स्टीलमधल्या कणांच्या सीमांवरचे क्रोमियम कार्बनशी बांधले जाते आणि गंजापासून राखणारे कवच तिथेच विरळ होते. त्यात वेल्ड आवळल्याचा ताण आणि प्राणवायू विरघळलेले कढत पाणी. तिन्ही एकत्र आले की नळ वापरात असो वा नसो, चीर सरकू लागते. हीच गंजताणाची चीर.

यावर पहिला आक्षेप असा, की पंप चालवून चाचणी घेतली जाते, मग कॅमेरा कशाला? पण त्या चाचणीत पाणी सहसा वळणवाटेने पुन्हा साठ्यातच सोडतात, कड्यापर्यंत ते पोचतच नाही. पंप ठणठणीत आहे एवढेच त्यातून कळते. दुसरा आक्षेप किरणोत्सर्गाचा, आणि तो निम्मा खरा आहे. भट्टीबाहेरचे वेल्ड अल्ट्रासॉनिकने तपासताना कामगारांना मात्रा सोसावीच लागते. त्यावर उत्तर यंत्राचे आहे. तारापूरच्या भट्टीत इंधनाभोवती असलेल्या श्राउड नावाच्या कवचाच्या वेल्डसाठी भाभा अणुसंशोधन केंद्राने दुरून चालवायचे मॅनिप्युलेटर बनवले आहेत. स्पार्जर पाहणारा माणूस तर काही मीटर पाण्याच्या आडोशाला असतो. तिसरा आक्षेप पैशाचा. १६० मेगावॉटचा संच एक दिवस बंद म्हणजे ३८ लाख युनिटांवर पाणी. पण भट्टी इंधनासाठी बंदच असते. वाढतात ते थोडे तास.

सर्वांत वजनदार आक्षेप चौथा. कुठे चीर जाईल हे गणिताने कळते, मग सरसकट कशाला पाहायचे? याचे उत्तर फ्रान्सने दिले आहे. २०२१ मध्ये सिव्हो इथे दहावार्षिक तपासणीत आपत्कालीन पाणी सोडणाऱ्या पाइपांवर चिरा निघाल्या. शोध चालला होता तापमानातल्या चढउताराने येणाऱ्या थकव्याचा, सापडली गंजताणाची चीर. भट्ट्या एकेक करून थांबल्या आणि २०२२ मध्ये फ्रान्सची अणुवीज तीन दशकांच्या नीचांकावर आली. पुढे मार्च २०२३ मध्ये पेन्ली इथे २७ मिलिमीटर जाडीच्या पाइपात २३ मिलिमीटर खोल चीर सापडल्याचे जाहीर झाले, तीही गणिताने निर्धोक ठरवलेल्या ओळीत. बांधणीच्या वेळी तो वेल्ड दोनदा दुरुस्त झाला होता. हिशेबात त्या दुरुस्तीला जागाच नव्हती. गणिताने तपासणीचा क्रम ठरवावा, पण यादीतून नाव खोडण्याचा अधिकार त्याला देऊ नये.

तारापूरचे हे दोन संच २०२० साली थांबले ते दीर्घ नूतनीकरणासाठी, आणि पुनराभिसरणाचे मोठे पाइप बदलणे हे त्यातले प्रमुख काम. हा निर्णय योग्यच. पण नवे पाइप घातल्याने भट्टीच्या पोटातले सगळे वेल्ड नवे होत नाहीत, आणि अर्धशतक पाण्यात बसलेल्या भागाला सूट देण्याचे काही कारण नाही. म्हणून मागणी एवढीच: १९८३ पासून देखरेख करणाऱ्या अणुऊर्जा नियामक मंडळाने प्रत्येक शटडाऊननंतर कुठले वेल्ड पाहिले, कुठे किती लांब-खोल चीर निघाली, मागच्या वेळेपेक्षा ती किती वाढली आणि कोणती पुढच्या शटडाऊनपर्यंत तशीच ठेवली, हे आकड्यांसह प्रसिद्ध करावे. पेन्लीचा २३ मिलिमीटरचा आकडा आपल्याला इथे बसून कळतो, कारण तो तिथे जाहीर झाला.