३१२ किलोमीटरचा हिशेब
काळाचौकी ते पुणे साधारण दीडशे किलोमीटर. मग एका चार्जमध्ये ३१२ किलोमीटर धावणारी गाडी जाऊन परत यायला हवी ना? हा आकडा २०२० साली बाजारात आलेल्या टाटांच्या नेक्सॉन ईव्हीचा, पुण्याच्या ‘एआरएआय’ने प्रमाणित केलेला. चाचणी होते रोलरवर, बेताच्या वेगात, एसी बंद ठेवून. द्रुतगती मार्गावर मात्र वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. वर खंडाळ्याची चढण. लालबागच्या गर्दीत उलट ब्रेक लावताना थोडी वीज बॅटरीत परतते. पेट्रोल गाडीच्या अगदी उलटा स्वभाव!

गाडी तेवढी धावत नाही, या तक्रारीवरून दिल्ली सरकारने मार्च २०२१ मध्ये तिचे अनुदान थांबवले. उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. आता कंपनी प्रमाणित आकड्यासोबत रस्त्यावरचा अंदाजही देते. शोरूममध्ये तोच मागावा.