एका दिवसाचा करार

बँकेत असताना कर्जाच्या कागदांवर सह्या घेण्यात माझी कितीतरी वर्षं गेली. माणसं आकडा वाचतात, अटी वाचत नाहीत, हे टेबलाच्या या बाजूनं रोज पाहिलं. म्हणून असेल, १९२६ सालचा मुर्नाऊ यांचा 'फाऊस्ट' हा जर्मन मूकपट पाहताना मी करारापाशीच थबकलो.

गावावर सैतान आपला प्रचंड काळा झगा पसरतो आणि प्लेग येतो. वृद्ध पंडित फाऊस्टच्या डोळ्यांदेखत माणसं मरतात. पोथ्या उपयोगी पडत नाहीत. चिडून तो त्या आगीत टाकतो आणि सैतानाला हाक मारतो. मागणं काय, तर रोगी बरे करण्याची शक्ती! एमिल यानिंग्जचा सैतान मुळीच घाई करत नाही. एकच दिवस वापरून पाहा, वाळूचं घड्याळ रिकामं झालं की करार संपला! फाऊस्ट रक्तानं सही करतो.

पण त्याला क्रूसाकडे पाहवत नाही, हे लोकांच्या लक्षात येतं. ते दगड मारतात. तो विषाचा पेला उचलतो, तेव्हा सैतान त्याला तारुण्य दाखवतो. मग पार्माच्या डचेसचा महाल. ऐन सुखाच्या क्षणी वाळू संपत येते, आणि फाऊस्ट कायमचा होकार देऊन बसतो. पहिली सही लोकांसाठी होती, दुसरा होकार स्वतःसाठी.

मीही एकदा तारण न तपासता सही केली होती. कर्जदाराच्या मुलीचं लग्न होतं, कर्ज फिटलंही. पुढच्या वेळी दुसऱ्या एकानं तेच मागितलं, तेव्हा मी कारणसुद्धा विचारलं नाही. त्या दिवाळीत त्याच्याकडून मिठाईचा पुडा आला. "कुणाकडचा हो?" पत्नीनं विचारलं. "ऑफिसातला," मी म्हणालो. मुलांनी आनंदानं खाल्ला.

चित्रपटात पुढे ग्रेटखेन ही निष्पाप मुलगी फाऊस्टपायी देशोधडीला लागते. तिचं मूल बर्फात दगावतं, आणि बालहत्येचा आळ येऊन तिला चितेवर चढवतात. तेव्हा कुठे फाऊस्ट मिळालेल्या तारुण्याला शाप देतो, पुन्हा म्हातारा होतो आणि तिच्यासोबत आगीत उभा राहतो. शेवटी देवदूत सैतानाला सांगतो, एका शब्दानं तुझा करार मोडला. तो शब्द 'प्रेम'.

मला मात्र त्याआधीचा क्षण आठवत राहतो. घेतलेलं तो परत करतो. मला तो पुडा परत करणं जमलं नव्हतं.