‘तेव्हा तुम्ही कुठे होता?’ हे उत्तर नव्हे

राजकीय सभा असो, वाहिनीवरील चर्चा असो किंवा गावचा पार असो, वाद रंगला की एक प्रश्न हमखास विचारला जातो, ‘तेव्हा तुम्ही कुठे होता?’ प्रश्न बिनतोड वाटतो, समोरचा गडबडतो आणि ऐकणारे टाळ्या वाजवतात. मूळ मुद्द्याचे काय झाले, हे मात्र कोणी विचारत नाही. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. त्यानंतरच्या काळात येथे एक गाजलेली पोटनिवडणूक झाली, देशाला हादरविणारे हत्याकांड घडले, वाढवण बंदराचा जुना वाद पुन्हा पेटला आणि तारापूर औद्योगिक वसाहतीचे प्रदूषण राष्ट्रीय हरित लवादासमोर गेले. या प्रकरणांत निरनिराळ्या पक्षांनी केलेले युक्तिवाद शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तर राजकीय तर्कदोषांचा एक संपूर्ण धडाच तयार होतो.

असे दोष ओळखण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. न्यायदर्शनाने चर्चेचे तीन प्रकार मानले. सत्य शोधण्यासाठी होतो तो वाद, केवळ जिंकण्यासाठी होतो तो जल्प आणि स्वतःची बाजू न मांडता फक्त दुसऱ्याची खोडून काढली जाते ती वितंडा. वादात हार केव्हा मानावी, हे ठरविणारी २२ निग्रहस्थानेही न्यायसूत्रांत सांगितली आहेत. त्यांपैकी एकाचे नाव ‘मतानुज्ञा’. आपल्यावर आलेल्या दोषाचे निवारण न करता ‘हाच दोष तुमच्यातही आहे’ असे म्हणणारा माणूस स्वतःचा दोष नकळत मान्य करून बसतो, म्हणून तो हरला असे समजावे, असा त्याचा आशय. आज वाहिन्यांवर ज्या उत्तराने वाद जिंकला असे मानले जाते, त्याच उत्तराने तो हरला असे आपल्या प्राचीन तर्कशास्त्राने ठरविले होते.

निष्ठेची बदलती व्याख्या

भाजपचे खासदार चिंतामण वनगा यांचे जानेवारी २०१८ मध्ये निधन झाले. त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत त्यांचे पुत्र श्रीनिवास वनगा यांना शिवसेनेने उमेदवारी दिली, तर भाजपने काँग्रेसमधून आलेल्या राजेंद्र गावित यांना उभे केले. निष्ठावंताच्या कुटुंबाला डावलून आयात उमेदवार लादला, असा शिवसेनेचा आरोप होता. मित्रपक्षानेच आमच्या नेत्याचे घर फोडले, असे भाजपचे म्हणणे होते. गावित सुमारे २९ हजार मतांनी विजयी झाले.

वर्षभरातच युती झाली, पालघरची जागा शिवसेनेकडे गेली आणि तेच गावित शिवसेनेचे उमेदवार म्हणून २०१९ मध्ये लोकसभेवर निवडून आले. श्रीनिवास वनगा त्याच वर्षी शिवसेनेकडून पालघरचे आमदार झाले. पक्षफुटीनंतर दोघेही एकनाथ शिंदे यांच्यासोबत गेले. २०२४ मध्ये लोकसभेची जागा भाजपकडे गेल्यावर गावित भाजपमध्ये परतले आणि विधानसभेच्या वेळी पुन्हा शिंदे यांच्या शिवसेनेत आले. पालघर विधानसभेची उमेदवारी विद्यमान आमदार वनगा यांना नाकारून त्यांनाच देण्यात आली आणि ते निवडूनही आले.

या घटनाक्रमात व्यक्तींना दोष देण्याचे कारण नाही. पक्षांतर कायद्याच्या चौकटीत कोणीही करू शकतो. प्रश्न युक्तिवादाचा आहे. बाहेरून आलेल्याला उमेदवारी देणे हा कार्यकर्त्यांवरील अन्याय असेल, तर तो २०१८ प्रमाणेच २०१९ मध्ये आणि २०२४ मध्येही अन्यायच ठरतो. जिंकण्याची क्षमता हाच निकष असेल, तर तो तिन्ही वेळा उघडपणे सांगायला हवा. आपल्या पक्षात येणारा ‘जनाधार असलेला नेता’ आणि पलीकडे जाणारा ‘गद्दार’, अशी शब्दयोजना केली की निकष कोणता, हे सांगण्याची जबाबदारीच टळते. दुटप्पीपणाचे हे सर्वांत साधे आणि सर्वांत प्रचलित रूप होय.

गडचिंचले आणि राईनपाडा

१६ एप्रिल २०२० च्या रात्री, टाळेबंदीच्या काळात, डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक यांची जमावाने हत्या केली. मुले पळविणाऱ्या टोळ्या फिरत असल्याच्या अफवा परिसरात पसरल्या होत्या. पोलीस उपस्थित असतानाही तिघांचे प्राण वाचले नाहीत. घटनेची चित्रफीत पसरताच तिला धार्मिक रंग देण्यात आला. अटक झालेल्या १०१ जणांत एकही मुस्लिम नसल्याचे तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांना जाहीर करावे लागले. चर्चा मात्र ‘अमुक हत्येच्या वेळी बोलणारे आता गप्प का’ आणि ‘आता बोलणारे तेव्हा गप्प का’ याच चक्रात फिरत राहिली.

या चर्चेत एक उदाहरण फारसे आले नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे भिक्षेकरी भटक्या समाजातील पाच जणांना जमावाने अशाच अफवेतून ठार मारले होते. तेव्हा राज्यात भाजप-शिवसेनेचे सरकार होते आणि गृहखाते मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्याकडे होते. गडचिंचलेच्या वेळी महाविकास आघाडीचे सरकार होते. अफवा तीच, जमावाची रीत तीच. बदलले होते ते सत्ताधारी. जमावाच्या हत्येची नैतिक जबाबदारी सरकारवर येते, असे ज्याने २०२० मध्ये म्हटले, त्याला तोच निकष २०१८ लाही लावावा लागेल. आणि अफवेपुढे प्रशासन हतबल असते, असे २०२० मध्ये सांगणाऱ्याने २०१८ मध्ये आपण काय म्हणत होतो, हे आठवावे. या कसोटीतून जे निष्पन्न होते तेच खरे महत्त्वाचे: अफवा रोखण्याची यंत्रणा दोन वर्षांत उभी राहिली नाही. ‘तेव्हा तुम्ही कुठे होता’ या गदारोळात नेमका हाच प्रश्न हरवला.

पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये, नगरपरिषद निवडणुकीच्या तोंडावर, गडचिंचले प्रकरणात भाजपनेच ज्यांच्यावर आरोप केले होते अशा एका स्थानिक नेत्याला त्या पक्षात प्रवेश देण्यात आला आणि टीका होताच प्रवेशाला स्थगिती मिळाली. येथे त्या नेत्याच्या दोषाचा निवाडा करण्याची गरज नाही. आधीचा आरोप पुराव्यावर आधारलेला असेल तर प्रवेश चुकीचा ठरतो. प्रवेश योग्य असेल तर आरोप पोकळ ठरतो. मधल्या काळात नवी माहिती मिळाली असेल, तर ती लोकांसमोर ठेवावी लागते.

बनावट पेच

तारापूरची वसाहत बोईसरच्या हजारो कुटुंबांचे पोट भरते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या सर्वंकष प्रदूषण निर्देशांकात हीच वसाहत ९३.६९ गुणांसह देशात सर्वाधिक प्रदूषित ठरली. या मोजणीत ७० च्या वरचा आकडा ‘अतिगंभीर’ समजला जातो. सांडपाण्यामुळे मासेमारीवर गदा आल्याने अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने हरित लवादाकडे दाद मागितली. त्यावर ऐकू येणारे ठराविक उत्तर असे, ‘कारखाने हवेत की नकोत, ते एकदा सांगा.’ हा बनावट पेच होय. १९७४ चा जलप्रदूषण कायदा कारखाने बंद करा असे सांगत नाही, तर सांडपाणी प्रक्रिया करूनच सोडा असे सांगतो. दोनच पर्याय समोर ठेवून तिसरा, आणि तोही कायद्याने बंधनकारक असलेला, पर्याय झाकून टाकला जातो.

अणुऊर्जा केंद्राच्या विस्तारात पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली. पुनर्वसनाची तक्रार करणाऱ्याला ‘वीज वापरता ना?’ असे विचारणे याच जातकुळीतले. वीज वापरणे आणि पुनर्वसनाचा हक्क मागणे यांत कोणताही विरोध नाही.

वाढवण बंदराच्या वादात शब्दच्छलाचीही भर पडते. ‘नवकंबल’ म्हणजे नवी घोंगडी की नऊ घोंगड्या, हे न्यायशास्त्रातील वाक्छलाचे प्रसिद्ध उदाहरण. १९ जून २०२४ रोजी सुमारे ७६,२०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मंजुरी देताना केंद्राने प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष मिळून सुमारे १० लाख रोजगारांची शक्यता वर्तविली. प्रचारात ‘अप्रत्यक्ष’ आणि ‘शक्यता’ हे शब्द गळाले की ऐकणाऱ्याला त्या आपल्या गावातल्या नोकऱ्या वाटतात. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याच्या क्षेत्राची लोकसंख्याच सुमारे ३० लाख होती, हे ध्यानात घेतले की नेमका प्रश्न सुचतो: किती नोकऱ्या, कोणत्या कौशल्याच्या आणि कोणासाठी? दुसऱ्या बाजूलाही दोष आहेत. बंदराचा प्रत्येक समर्थक भांडवलदारांचा दलाल, असे म्हणणे हा युक्तिवाद नसून व्यक्तीवरचा हल्ला आहे.

भूमिका बदलणे म्हणजे दुटप्पीपणा नव्हे

मात्र प्रत्येक बदल म्हणजे ढोंग, असे मानणे हाही तर्कदोषच. न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालील डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने १९९८ मध्ये वाढवणचे बंदर अमान्य ठरविले होते. त्याच प्राधिकरणाने ३१ जुलै २०२३ रोजी, अध्यक्ष बदललेले असताना, अटींसह बंदराला ना हरकत दिली आणि एप्रिल २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्याविरोधातील याचिका फेटाळल्या. दोन निर्णय वेगळे आले, एवढ्यावरून दुसरा चूक ठरत नाही. मधल्या काळात काय बदलले, आराखडा, अभ्यास की कायद्याचा अर्थ, आणि ते कारण लेखी दिले आहे का, हे पाहावे लागते. कारण सांगून केलेला बदल हा विचार असतो. कारण न सांगता केलेला बदल सोयीचा असण्याची शक्यता अधिक.

शिवाय बोलणारा ढोंगी निघाला म्हणून त्याचे म्हणणे खोटे ठरत नाही. सत्तेत असताना गप्प राहिलेला पक्ष आज समुद्र दूषित होतो आहे असे म्हणत असेल, तर त्याची विश्वासार्हता कमी होईल; पाणी त्यामुळे शुद्ध होणार नाही. ‘सगळे सारखेच’ हा निष्कर्षही असाच फसवा आहे. तो निःपक्षपाती वाटतो. पण कोणाची चूक किती, हे मोजण्याचे कष्ट टाळतो.

मतदाराच्या हाती साधी कसोटी आहे. ऐकलेल्या विधानातील पक्षाचे नाव बदलून पाहावे. तरीही ते तितकेच पटत असेल तर त्यात तत्त्व आहे. पुढच्या वेळी एखाद्या वक्त्याने ‘तेव्हा तुम्ही कुठे होता’ असे विचारले, तर त्याला शांतपणे म्हणावे, ‘तेही पाहू, आधी आजच्या प्रश्नाचे उत्तर द्या.’ दांडी-नवापूरच्या किनाऱ्यावर होडी लावणाऱ्या मच्छीमाराला आणि बोईसरच्या पाळीवर निघालेल्या कामगाराला त्या उत्तराचीच गरज आहे.