टायटॅनियमची सायकल आणि आपला संसार

अकोला-वाशिम-नांदेड रस्त्यावर भल्या पहाटे डोक्यावर टोपड्यासारखे हेल्मेट, अंगाला चिकटलेले रंगीत कपडे आणि कमरेतून वाकून सायकल पळविणारी माणसे अलीकडे दिसू लागली आहेत. आपल्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेला, पण त्यावर दुचाकीला आणि सायकलीला मज्जाव आहे. म्हणून ही मंडळी जुन्याच रस्त्याने जातात. आपली तरुण मुले त्यांच्याकडे टक लावून पाहतात. मग घरी येऊन मोबाईलवर अशा सायकलींची चित्रे पाहतात. "ही टायटॅनियमची सायकल, बाबा. जन्मभर गंजत नाही. पण पाच लाखांची आहे!"

एका कामगार बंधूंनी विहारात आम्हाला सरळच विचारले, "साहेब, पोराचा हट्ट आहे. फंडातून पैसे काढू का?" प्रश्न एका घरचा असला तरी तो अनेक घरांत येऊ शकतो. म्हणून जाणकारांना विचारून, वाचून आणि हिशेब मांडून आम्ही हा लेख लिहीत आहोत.

सायकल आणि आपण

सायकल आपल्याला नवी नाही. गिरणीत, जिनिंगमध्ये, शाळेत, कचेरीत जाणारा आपला माणूस सायकलवरूनच गेला. देशाच्या अनेक भागांत आपल्या माणसाने वरच्या वस्तीतून सायकलवर बसून जाणेही खपवून घेतले जात नव्हते, हे विसरून चालणार नाही. १९८३ साली मान्यवर कांशीरामजींनी डी.एस.-४ च्या वतीने सायकलयात्रा काढली, तेव्हा हेच दोन पाय आणि दोन चाके चळवळीच्या कामी आली. आजही मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. तेव्हा 'आपल्याला सायकलीचे काय कौतुक' असे म्हणून मुलाला गप्प बसवू नये. त्याच्या प्रश्नाला नीट उत्तर द्यावे.

टायटॅनियम म्हणजे काय?

टायटॅनियम हा धातू दुर्मीळ नाही. केरळ, तामिळनाडू, ओडिशाच्या किनाऱ्यावरील आणि आपल्या रत्नागिरीच्या काळ्या रेतीतही त्याचे खनिज आहे. आपल्या भिंतीच्या पांढऱ्या रंगात असते ते त्याचेच भस्म. मग धातू महाग का? कारण तो खनिजातून सोडविणे अवघड आहे. खनिजावर क्लोरीनची क्रिया करून एक द्रव तयार करावा लागतो. त्या द्रवावर वितळलेल्या मॅग्नेशियमची क्रिया झाली की स्पंजासारखा सच्छिद्र धातू मिळतो. पुढे तो हवा काढून घेतलेल्या भट्टीत वितळवावा लागतो. विल्यम क्रोल या शास्त्रज्ञाची ही रीत आजही चालते. ती हळू चालते आणि वीजही फार खाते. आपल्या देशात केरळमधील चवरा येथे असा स्पंज बनविण्याचा कारखाना २०११ साली सुरू झाला. तो माल मुख्यतः अवकाश आणि संरक्षण खात्यांच्या कामाचा.

सायकलीच्या नळ्यांत बहुधा ३ टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि अडीच टक्के व्हॅनेडियम मिसळलेले असते. हाच मिश्रधातू विमानातील तेलाच्या नळ्यांना वापरतात. तेवढ्याच आकाराच्या पोलादापेक्षा टायटॅनियमचे वजन सुमारे ५७ टक्केच भरते. तो गंजत नाही, म्हणून त्याला रंग लागत नाही. पावसाळा असो की घामाचे मीठ असो, सांगाडा जसाच्या तसा राहतो. शिवाय तो किंचित लवतो, त्यामुळे रस्त्याचे बारीक हादरे अंगात कमी येतात.

चालविताना काय वाटते?

अकोल्याला आमच्या ओळखीच्या एका डॉक्टरांकडे अशी सायकल आहे. ती आम्ही उचलून पाहिली. एका हाताने उचलली गेली! आपली जुनी ढाच्याची सायकल वीस किलोच्या घरात. ही आठ किलोच्या आसपास. पुढे दोन आणि मागे बारा दाते-चकत्या, म्हणजे चोवीस गिअर. बोटाने कळ दाबली की साखळी सरकते. पातूरचा घाट चढून पायनघाटातून बालाघाटात येताना या गिअरांचे मोल कळते, असे डॉक्टर म्हणाले.

पण त्यांनीच आणखी एक गोष्ट सांगितली, ती मुलांनी कान देऊन ऐकावी. सपाट रस्त्यावर सायकलस्वाराची बहुतेक ताकद वाऱ्याला तोंड देण्यात जाते, वजन ओढण्यात नव्हे. हिशेब करून पाहा. ६५ किलोचा मुलगा ८ किलोच्या सायकलवर बसला तर एकूण ७३ किलो. तोच दहा किलोच्या अ‍ॅल्युमिनियमच्या सायकलवर बसला तर ७५ किलो. फरक तीन टक्क्यांच्या आत! आणि दोन्ही सायकलींच्या किमतीत मात्र दहापटीचा फरक.

दुसरे असे की, जगातील मोठ्या शर्यतींतील खेळाडू आज बहुतेक कार्बनच्या सायकली चालवितात. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे शर्यतीची सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी चालत नाही, आणि कार्बनमध्ये तेवढे वजन सहज गाठता येते. टायटॅनियम घेतात ती शर्यत जिंकण्यासाठी नव्हे, तर वीस-पंचवीस वर्षे एकच सायकल वापरावी म्हणून. तेव्हा 'मला खेळाडू व्हायचे आहे, म्हणून टायटॅनियम पाहिजे' हे म्हणणेच टिकत नाही.

पैशाचा हिशेब

नामांकित परदेशी कंपनीचा नुसता सांगाडा दोन-तीन लाखांपासून पुढे. त्यावर चाके, गिअर, ब्रेक आणि आयात कर. पूर्ण सायकल पाच लाखांच्या पुढेच जाते, दहा लाखांचीही असते. समजा, पाच लाख रुपये १२ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी काढले. महिन्याचा हप्ता सुमारे ११,१२२ रुपये. साठ हप्त्यांत ६ लाख ६७ हजारांवर रक्कम भरावी लागते. म्हणजे १ लाख ६७ हजार निव्वळ व्याज! तेवढ्यात चाळीस हजारांच्या चार चांगल्या सायकली येतात.

हप्ता भरला म्हणजे संपले असेही नाही. या सायकलीच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह वेगळा असतो. आपल्या पंक्चरवाल्याच्या पंपाचे तोंड त्याला बसत नाही, वेगळी टोपी जवळ ठेवावी लागते. बाभळीचा काटा मात्र पाच हजारांची आणि पाच लाखांची सायकल सारखीच ओळखतो! आपल्या काळ्या मातीवरचे रस्ते पावसाळ्यात फुगतात, उन्हाळ्यात तडकतात. म्हणून अगदी अरुंद टायर इकडे कामाचे नाहीत. सुटे भाग नागपूर-पुण्याहून मागवावे लागतात.

सांगाड्याला तडा गेला तर गावातल्या वेल्डिंगवाल्याकडे कदापि नेऊ नये. तापलेला टायटॅनियम हवेतील ऑक्सिजन आणि नायट्रोजन शोषून ठिसूळ होतो. आत-बाहेर आर्गॉन वायू सोडूनच त्याचे वेल्डिंग करावे लागते. तसेच अ‍ॅल्युमिनियमची सीटची दांडी आत घालताना ग्रीस लावावे, नाही तर दोन धातू एकमेकांना कायमचे धरून बसतात.

जुनी सायकल कोणी 'टायटॅनियमची' म्हणून विकत असेल तर प्रथम लोहचुंबक लावावे. चिकटला तर पोलाद, फसवणूक उघड. चिकटला नाही तरी खात्री होत नाही, कारण अ‍ॅल्युमिनियमलाही चुंबक चिकटत नाही. म्हणून मूळ पावती आणि सांगाड्यावरील क्रमांक ताडून पाहिल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

विदर्भाचा डॉक्टर

आता खऱ्या खेळाची गोष्ट. अमेरिकेत पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटरची 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' नावाची शर्यत होते. ती एकट्याने बारा दिवसांत संपवावी लागते. २०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी ती दोघांच्या गटात पूर्ण केली. २०१७ साली सैन्यदलातील डॉक्टर ले. कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पूर्ण केली. एकट्याने पूर्ण करणारे हेच पहिले भारतीय. पुढच्याच वर्षी डॉ. समर्थ यांनी रशियात मॉस्को ते व्लादिवोस्तोक अशी नऊ हजार किलोमीटरहून लांब, पंधरा टप्प्यांची शर्यतही पूर्ण केली.

या सर्वांचे कौतुक आहेच. पण आपण एक गोष्ट ध्यानात घ्यावी. यात डॉक्टर आहेत, सैन्यातील अधिकारी आहेत. आधी शिक्षण, मग स्थिर मिळकत, मग हा खर्चिक छंद, हा क्रम त्यांच्या आयुष्यात दिसतो. आपल्या मुलाने हा क्रम उलटा करू नये, एवढेच आमचे म्हणणे.

मग करावे काय?

त्या बंधूंना आम्ही सांगितले, फंडाला हात लावू नका. तो पैसा तुमच्या म्हातारपणाचा आणि मुलीच्या शिक्षणाचा आहे. पण पोराची उमेदही मारू नका. मुलगा खरोखर रोज पहाटे उठतो का, ते सहा महिने पाहा. असलेल्या सायकलवर वाशिम ते मंगरूळपीर जाऊन येऊ द्या. टिकला तर गिअरची साधी, अंगाच्या मापाची सायकल घेऊन द्या. सायकल मोठी-लहान झाली तर गुडघे आणि कंबर दुखते, म्हणून माप महत्त्वाचे. हेल्मेट आणि मागचा लाल दिवा मात्र पहिल्या दिवसापासून हवा.

'ब्रेव्हे' नावाचे लांब पल्ल्याचे उपक्रम नागपूर, पुणे येथे होतात. तेथे पहिला नंबर नसतो. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० किलोमीटर वीस तासांत पूर्ण करावे लागतात. सायकल किती रुपयांची हे तेथे कोणी विचारीत नाही, ती चालू स्थितीत असली म्हणजे झाले. स्पर्धेत उतरायचे असेल तर जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात चौकशी करावी. राज्य शासनाच्या नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी कोणत्या स्पर्धेचे कोणते प्रमाणपत्र चालते, हे आधीच विचारून घ्यावे.

आपल्यातील एखादा चांगल्या पगाराचा भाऊ किंवा बहीण कर्ज न काढता अशी सायकल घेत असेल, तर त्यात वावगे काहीच नाही. उत्तम वस्तू वापरण्याचा हक्क सर्वांना आहे. त्यांनी मात्र एक करावे. रविवारी वस्तीतल्या पोरापोरींना बरोबर घेऊन निघावे, गिअर कसा टाकायचा, हवा किती भरायची, चढावर दम कसा राखायचा हे शिकवावे. मुलींना विशेष करून. शाळेसाठी मिळालेली सायकल दहावीनंतर गोठ्यात गंजत पडते, तिची साखळी साफ करून तेल घातले तरी एका घरातला सराव उद्यापासून सुरू होईल.