हैतीसाठी चाळीस दिवस प्रार्थना करून काय होतं? 'जुळ्या' पॅरिशची गोष्ट

मार्च 2024 ची सुरुवात. हैतीची राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये सशस्त्र टोळ्यांनी तुरुंगांवर हल्ले केले. हजारो कैदी पळून गेले. पाठोपाठ विमानतळावर हल्ला झाला आणि तो बंद पडला, तो थेट मे महिन्यात उघडला. परदेशात गेलेले पंतप्रधान एरियल हेन्री यांनाच मायदेशी परतता येईना.

नेमका त्याच वेळी ख्रिस्ती लोकांचा लेंट सुरू होता. हैतीपासून दोनेक तासांच्या विमानप्रवासावर असलेल्या अमेरिकेत शेकडो चर्चचं हैतीतल्या एखाद्या गावाशी वर्षानुवर्षांचं नातं आहे. तिथल्या शाळेची फी, दवाखान्याची औषधं, डॉक्टरांच्या फेऱ्या हे सगळं या नात्यातून चालायचं. विमानच बंद झाल्यावर ना माणूस जाऊ शकत होता, ना सामान. अशा वेळी हातात उरते ती प्रार्थना.

आता तुम्ही म्हणाल, त्याने काय होणार? आपल्या टाइमलाइनवरही कुठे भूकंप झाला की 'प्रे फॉर' असा हॅशटॅग येतो, हात जोडलेला इमोजी येतो आणि दोन दिवसांनी नवा ट्रेंड येतो. मग लेंटमधली ही प्रार्थना त्यापेक्षा वेगळी कशी? समजून घेऊया.

लेंट म्हणजे काय?

राखेच्या बुधवारी सुरू होऊन ईस्टरपर्यंत चालणारा काळ म्हणजे लेंट. मधले रविवार वगळले तर हे चाळीस दिवस होतात. वसईतले मराठी भाषक कॅथलिक याला 'उपवासकाळ' म्हणतात.

या काळात तीन गोष्टी करायच्या असतात : प्रार्थना, उपवास आणि दानधर्म. या तिन्ही एकमेकींना जोडलेल्या आहेत. उपवासातून वाचलेलं अन्न किंवा पैसा गरजूकडे जावा आणि ज्याला तो जातो त्याची आठवण प्रार्थनेत असावी, अशी कल्पना आहे. राखेच्या बुधवारनंतरच्या शुक्रवारी कॅथलिक चर्चमध्ये बायबलमधला यशया संदेष्ट्याचा एक उतारा वाचतात. त्याचा सारांश असा, की देवाला आवडणारा उपवास म्हणजे अन्यायाच्या बेड्या तोडणं आणि भुकेल्याला आपल्या ताटातलं देणं. म्हणजे नुसतं पोट रिकामं ठेवून भागत नाही.

'जुळी पॅरिश' ही काय भानगड आहे?

पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला ख्रिस्ती समुदाय. मराठी कॅथलिक त्याला 'धर्मग्राम' म्हणतात. एका देशातल्या पॅरिशने दुसऱ्या देशातल्या पॅरिशशी कायमचं नातं जोडलं की त्या झाल्या जुळ्या पॅरिश.

अमेरिकेत या कामाला मोठी चालना मिळाली ती टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल शहरातून. तिथे 1978 मध्ये 'पॅरिश ट्विनिंग प्रोग्राम ऑफ द अमेरिकाज' सुरू झाला. त्यातून अमेरिकेतल्या शेकडो पॅरिश मुख्यतः हैतीतल्या पॅरिशशी जोडल्या गेल्या.

हैतीतल्या खेड्यातली पॅरिश म्हणजे फक्त प्रार्थनेची जागा नसते. देशातल्या बहुतेक शाळा सरकारी नाहीत, खासगी संस्था किंवा चर्च त्या चालवतात. त्यामुळे गावातली शाळा अनेकदा पॅरिशची असते, कधी दवाखानाही. आसपासच्या डोंगरांतल्या वाड्यांवर छोटी चॅपेल असतात आणि एकच फादर ती सगळी सांभाळतो. अशा ठिकाणी बाहेरून येणारी मदत थांबली, तर पहिला प्रश्न शिक्षकांच्या पगाराचा उभा राहतो.

मग प्रार्थना करतात कशी?

पद्धत साधी आहे. रविवारच्या मिस्सात सगळ्यांच्या वतीने ज्या प्रार्थना म्हणतात, त्यांत जुळ्या पॅरिशचं नाव घेतलं जातं. लेंटमधल्या शुक्रवारी 'क्रुसाची वाट' ही भक्ती असते. येशूच्या शेवटच्या प्रवासातल्या चौदा टप्प्यांवर थांबून प्रार्थना करायची. हैतीच्या क्रेयोल भाषेत तिला 'शेमें क्वा' म्हणतात. दोन्ही देशांत एकाच शुक्रवारी ती होत असल्यामुळे एकमेकांसाठी प्रार्थना करणं सोपं जातं.

काही ठिकाणी त्या दिवशी साधं जेवण ठेवतात. हैतीत रोजच्या खाण्यातला पदार्थ म्हणजे 'दिरी आक प्वा', आपल्या राजमा-चावलचा लांबचा भाऊ. तो खायचा आणि एरवीच्या जेवणातून वाचलेले पैसे पेटीत टाकायचे.

पण खरा फरक पडतो तो तपशिलाने. 'हैतीच्या गरिबांसाठी' अशी मोघम प्रार्थना दोन आठवड्यांत सवयीची होते. 'शाळा तीन आठवडे बंद आहे, मुलं घरी आहेत' असा निरोप तिकडच्या फादरकडून व्हॉट्सअॅपवर आला, तर प्रार्थना करणाऱ्याला पुढच्या आठवड्यात विचारावंसं वाटतं, शाळा उघडली का? हॅशटॅगमध्ये हा पुढचा प्रश्न नसतो.

तांदळाचा डबा आणि तांदळाचं राजकारण

लेंटमध्ये अमेरिकेतल्या अनेक कॅथलिक घरांत जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याचा छोटा डबा दिसतो. हा 'राइस बोल'. आफ्रिकेच्या साहेल भागातल्या दुष्काळानंतर 1975 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या अॅलनटाऊनमध्ये हा उपक्रम सुरू झाला. पुढे 'कॅथलिक रिलीफ सर्व्हिसेस' या संस्थेने तो देशभर नेला. जमलेल्या पैशांपैकी 75 टक्के परदेशातल्या कामासाठी जातात आणि 25 टक्के स्थानिक डायोसिसमध्ये, म्हणजे बिशपच्या कार्यक्षेत्रातच, राहतात.

आता तांदळाचीच दुसरी बाजू बघा. हैतीत आर्तिबोनीत नदीच्या खोऱ्यात भात पिकतो. 1980 च्या दशकापर्यंत देशाची तांदळाची बरीचशी गरज घरच्या पिकातून भागायची. 1990 च्या दशकात अमेरिका आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या दबावाखाली हैतीने तांदळावरचं आयात शुल्क 3 टक्क्यांपर्यंत खाली आणलं. सरकारी अनुदानावर पिकलेला स्वस्त अमेरिकी तांदूळ बाजारात आला. लोकांनी त्याला नाव दिलं 'मायामी राइस'. स्थानिक शेतकरी त्यापुढे टिकला नाही. आज हैतीत खाल्ला जाणारा बहुतेक तांदूळ बाहेरून येतो.

मार्च 2010 मध्ये बिल क्लिंटन यांनी अमेरिकी सिनेटच्या समितीसमोर ही चूक कबूल केली. आपल्या अर्कान्सा राज्यातल्या काही शेतकऱ्यांचा त्यात फायदा झाला असेल, पण हैतीची भात पिकवण्याची ताकद गेली, असं त्यांनी सांगितलं. तो काळही लेंटचाच होता.

त्याआधीचा इतिहास तर आणखी जड आहे. गुलामांनी बंड करून 1804 मध्ये स्वातंत्र्य मिळवलं आणि 1825 मध्ये फ्रान्सने त्याच माजी गुलामांकडून 15 कोटी फ्रँकची भरपाई मागितली. रक्कम पुढे कमी झाली, पण ती चुकवण्यासाठी काढलेल्या कर्जाची फेड 1947 पर्यंत चालली.

म्हणजे हैती गरीब 'आहे' हे वाक्य अर्धवट आहे. बऱ्याच अंशी तो गरीब केला गेला. प्रार्थना करणाऱ्याला हे माहीत असेल, तर 'देवा, त्यांना मदत कर' याच्यासोबत 'आमच्याकडून काय झालं?' हा प्रश्नही येतो. लेंट हा पश्चात्तापाचा काळ असल्यामुळे तो प्रश्न तिथे अगदी जागेवर बसतो.

टीका काय होते?

नुसत्या प्रार्थनेवरची सगळ्यात जुनी टीका बायबलमध्येच आहे. याकोबाच्या पत्रात विचारलंय, की उघड्या-उपाशी माणसाला 'सुखाने जा, पोटभर जेव' असं म्हणालात आणि दिलं काहीच नाही, तर उपयोग काय?

दुसरी टीका मदतीवरची आहे. 1968 मध्ये मेक्सिकोत विचारवंत इव्हान इलिच यांनी सेवा करायला आलेल्या अमेरिकी तरुणांना तोंडावर सुनावलं होतं. फिरायला या, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका, असा त्यांचा रोख होता. देणारा कायम वर आणि घेणारा कायम खाली राहिला, तर चांगला हेतूही अपमान करतो.

'सॉलिडॅरिटी' हा शब्द इथेच कामाला येतो. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1987 च्या एका परिपत्रकात त्याचा अर्थ मांडला. दूरच्या माणसाचं दुःख बघून क्षणभर हळहळणं म्हणजे सॉलिडॅरिटी नव्हे. सर्वांच्या भल्यासाठी चिकाटीने उभं राहण्याचा तो निर्धार आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

तिकडून इकडे

या नात्यातली एक गोष्ट अनेकदा सुटते. गरीब पॅरिशही श्रीमंत पॅरिशसाठी प्रार्थना करते. ही पद्धत जवळपास दोन हजार वर्षं जुनी आहे. पहिल्या शतकात संत पौलाने जेरुसलेममधल्या गरिबांसाठी करिंथच्या लोकांकडे मदत मागितली. तेव्हा त्याने लिहिलं, की ते लोकही तुमच्यासाठी प्रार्थना करतील.

पैसा एकाच दिशेने वाहतो, प्रार्थना दोन्ही दिशांनी जाते. हैतीतल्या चॅपेलमध्ये अमेरिकेतल्या एखाद्या आजारी माणसाचं नाव घेतलं जातं, तेव्हा त्या नात्यात हैतीही देणाऱ्याच्या जागी असतो.

आज काय स्थिती आहे?

नोव्हेंबर 2024 मध्ये पोर्ट-ओ-प्रिन्सवर उतरणाऱ्या अमेरिकी प्रवासी विमानावर गोळीबार झाला आणि अमेरिकेने आपल्या विमानांना तिथे जायला बंदी घातली. जानेवारी 2025 पर्यंत टोळ्यांच्या हिंसाचारामुळे घर सोडावं लागलेल्यांचा आकडा 10 लाखांच्या वर गेल्याचं संयुक्त राष्ट्रांच्या स्थलांतर संस्थेने सांगितलं.

टोळ्यांच्या बंदुका प्रार्थनेने थांबत नाहीत, हे दोन्हीकडच्या लोकांना कळतं. पण ज्या गावाचं नाव दर रविवारी घेतलं जातं, ते गाव बातम्यांतून गेलं तरी विसरलं जात नाही. रस्ता उघडला, की शिक्षकांचे थकलेले पगार पाठवायची आठवण ज्यांना राहते, ते बहुतेक हेच लोक असतात.